गेले म्हणजे मंडईत गेले

आमचा रात्रीचा कार्यक्रम भर दुपारी होत असे. मांजरी गावाच्या पलीकडे उसाच्या रानात एक जुनं कांद्याचं गोदाम होतं. आमच्या टीव्ही वाहिनीनं ते घेतलं, आतून काळं रंगवलं, मागच्या भिंतीवर कुठल्याशा शहराचं रात्रीचं चित्र लावलं आणि त्याला स्टुडिओ म्हणायला सुरुवात केली. चित्रातलं शहर पुणे नव्हतं एवढं नक्की, कारण त्यात सगळीकडे एकाच वेळी वीज होती. प्रेक्षक म्हणून आम्ही कॉलेजची पोरं आणि नव्यानं निघालेल्या कॉम्प्युटर कंपन्यांमधली मुलं-मुली बसमध्ये भरून आणायचो. सूत्रसंचालक कडक सुटात येऊन "शुभ रात्री, मंडळी" म्हणायचा आणि ती सगळी टाळ्या पिटायची. मधल्या सुट्टीत हीच रात्रीची मंडळी डोळ्यांवर आडवा हात धरून उन्हात उभी राहायची. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला की आत सगळं थांबायचं. मी एकदा रखवालदाराला म्हटलं, ट्रॅक्टर जरा लांबूनच अडवा ना. तो म्हणाला, "म्याडम, ऊस हाय त्यो. तुमच्या हिरॉइनीसाठी थांबतोय व्हय?"

माझं काम पाहुण्यांचं. त्यांच्याशी आधी बोलून घ्यायचं, त्यांना कशानं हसू येतं आणि कशानं रडू येतं ते काढून घ्यायचं आणि त्यावरून सूत्रसंचालकाला प्रश्न तयार करून द्यायचे. नट्या, गायक, क्रिकेटपटू, अमेरिकेत जाऊन मोठे झालेले कोणी. बाहेरच्यांना या कामाचं फार अप्रूप होतं. माझ्या लेखी पाहुण्यांच्या दोनच जाती होत्या, उशिरा येणारे आणि अजिबात न येणारे. आईला तर कित्येक महिने वाटत होतं की हे सगळं खरंच रात्री चालतं. "एवढ्या उशिरा त्या बाईला घरी कोण सोडतं?" असं ती एकदा एका प्रसिद्ध नटीबद्दल फार काळजीनं विचारत होती.

हे सगळं मी आता हसत सांगते आहे. त्या वर्षी मी हसत नव्हते. त्या वर्षी बाबांनी डायलिसिस थांबवायचं ठरवलं होतं.

बाबा शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर काही वर्षं बरी गेली, मग मूत्रपिंडं निकामी झाली. दिवसाआड सकाळी रिक्षा यायची, मी त्यांना घेऊन जायची, ते आत यंत्राला जोडून पडायचे आणि मी बाहेर बाकावर बसून पाहुण्यांना फोन करायची. दुपारी घरी आणलेला माणूस नुसता पिळून काढलेला असायचा. दुसऱ्या दिवशी जरा माणसात यायचा, की परत रिक्षा. पाण्याचा घोटसुद्धा विचारून घ्यायचा. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या त्याला आता परिचारिका दटावणार, की काका, आज पाणी जास्त प्यालात. एक दिवस ते म्हणाले, "पुरे आता." डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून थांबवल्यावर काय काय होईल ते सगळं सांगितलं. बाबांनी बरोबर उत्तर देणाऱ्या मुलाकडे बघावं तशी मान हलवली. आई रडली, मी भांडले, जेवणार नाही म्हटलं. ते म्हणाले, "जेव. तुझी मूत्रपिंडं चांगली आहेत."

अशात आमच्या कार्यक्रमात तो येणार असं ठरलं.

त्याला आख्खा महाराष्ट्र ओळखत होता. आमच्या घरात मात्र तो फार आधीपासून ओळखीचा होता. विदर्भातून पुण्यात शिकायला आलेला हडकुळा मुलगा, वसतिगृहात राहणारा. "मी वाचून राहिलो ना सर" म्हणायचा आणि वर्गातली मुलं हसायची. बाबांनी त्याला घरी बोलावलं. त्याला नट व्हायचं होतं. बाबांनाही एके काळी रंगभूमीवर जायचं होतं, ते जमलं नव्हतं, आणि हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नसलं तरी घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा त्याच्याकडून वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्यानं वाचून घ्यायचे. ‘बाण’ म्हण, ‘बान’ नाही. ‘केळं’ म्हण. पुन्हा म्हण. "घरी गेल्यावर तुझ्या आईशी तुझ्याच बोलीत बोल," असंही सांगायचे, "पण इथं तुला कुणी हसता कामा नये." गुरुवारी तो आमच्याकडे जेवायचा. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, तसा आईनं त्याला गुरुवार दिला होता. मी तेव्हा शाळेत होते आणि तो माझ्या वाटणीची पोळी खातो म्हणून माझा त्याच्यावर राग होता.

मग तो मुंबईला गेला. नव्या वाहिन्या निघाल्या, मालिका निघाल्या आणि बघता बघता तो घराघरात दिसायला लागला. आमच्या घरात मात्र यायचा बंद झाला. बाबा त्याची प्रत्येक मालिका बघायचे आणि कधीकधी एखाद्या उच्चाराला नुसतं "हं" म्हणायचे. आई म्हणायची, "गरज सरो, वैद्य मरो." बाबा तिला म्हणायचे, "अगं, कामात असेल."

तो आमच्या कार्यक्रमात येतोय हे मी घरी सांगितलं तेव्हा बाबा उठून बसले. कधी दाखवणार, केवढा वेळ बोलणार, सगळं विचारलं. मग म्हणाले, "तेवढं बघू. मग ठरवू." म्हणजे तोवर रिक्षा चालू. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला हे सांगितलं आणि आम्ही दोघी ओट्याला टेकून रडलो. एक अट मात्र त्यांनी घातली. मी कुणाची मुलगी ते त्याला सांगायचं नाही आणि त्यांचं नाव सुचवायचं नाही. "आठवलं तर आठवलं. आठवण करून दिलेली आठवण मला नको." बाबांची अट म्हणजे अट.

त्याच्याशी माझं आधी बोलणं झालंच नाही. त्याचा मॅनेजर फोनवर म्हणाला, सर को सब याद है, वहीं पूछ लेना. मी सूत्रसंचालकाच्या प्रश्नांत एकच वाक्य घातलं: तुमची वाणी इतकी स्वच्छ कशी, ती कुणी घडवली? नाव नाही, गाव नाही. मग दिवसभर नियंत्रण कक्षात अंधारात उभी राहून मी तो प्रश्न यायची वाट बघत राहिले.

प्रश्न आला. त्यानं बाबांचं पूर्ण नाव घेतलं. आडनावासकट, वडिलांच्या नावासकट. मला इतका आनंद झाला की नावाच्या आधी त्यानं काय म्हटलं ते माझ्या कानांपर्यंत पोचायला वेळ लागला. तो म्हणाला होता, कैलासवासी.

पुढे तो सांगत गेला. गुरुवारचं जेवण सांगितलं, अग्रलेख सांगितले. "माझं पहिलं बक्षीस मिळालं त्या दिवशी मी सरांना फोन केला," तो म्हणाला. "काकूंनी उचलला. मी विचारलं, सर आहेत का? त्या म्हणाल्या, गेले. एवढंच. आणि फोन ठेवला. त्यांना पुढे बोलवेना." इथे त्याचा आवाज अडकला. त्यानं डोळ्यांवर बोटं धरली. प्रेक्षकांतल्या मुली नाकाला रुमाल लावू लागल्या. आणि मी, या राज्यात एकटी मीच असेन, तिथल्या तिथे समजून चुकले की काय झालं होतं. आमच्या घरात फोन बसला त्या दिवसापासून आई तो असाच घेत आली आहे. बोला. नाहीत. गेले. आणि ठेवला. तिचं म्हणणं, फोन बोलण्यासाठी नसतो, सांगण्यासाठी असतो. गेले म्हणजे मंडईत गेले, वाचनालयात गेले, केस कापायला गेले. घरातल्यांना त्याचा अर्थ कळायचा आणि बाहेरच्यांची आईला फिकीर नव्हती.

चित्रीकरण संपताच मी मेकअपच्या खोलीत शिरले. तो क्रीम लावून चेहरा पुसत होता. मी म्हटलं, "मी सरांची मुलगी. बाबा आहेत."

"आहेत म्हणजे?"

"आहेत म्हणजे आहेत. घरी आहेत. आजारी आहेत, पण आहेत."

अर्धा चेहरा रंगवलेला आणि अर्धा पुसलेला असा तो माझ्याकडे आरशातून बघत राहिला. मग त्यानं "अरे बापरे" म्हटलं, दोनदा. हात जोडले. डोळ्यांत पुन्हा पाणी आलं, आणि या वेळचं खरं होतं असं मी आजही मानते. आमचे निर्माते दारात येऊन उभे राहिले होते. तो त्यांच्याकडे वळून म्हणाला, "ते मग... काढावं लागेल का?" त्या ‘का’वरून मला कळलं की त्याला ते काढायला नको होतं. रडणं उत्तम झालं होतं आणि ते त्याला ठाऊक होतं. शेवटी नट होता. मॅनेजर घड्याळ दाखवत होता. गाडीत बसताना त्यानं काच खाली केली आणि मला म्हणाला, "सरांना भेटायला येतो मी. या आठवड्यातच. येतो हं."

मी पुण्याची आहे. आपल्यात निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात, आणि त्या ‘येतो’चा येण्याशी काही संबंध नसतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी मी ते शब्दशः धरलं. दुसरं धरायला काही नव्हतंच.

निर्मात्यांच्या मागे मी लागले. म्हटलं, कापा ते. ते म्हणाले, "काय कापू?"

"कैलासवासी कापा. फोनचं कापा."

"मग उरतं काय? सर होते, चांगले होते. एवढ्यासाठी माणूस झोप मोडेल का?" ते वाईट नव्हते. मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, "अगं, वडिलांना सांगून टाक, हसतील. मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात." मी त्यांना डायलिसिसचं सगळं सांगितलं. मग त्यांनी सुचवलं की शेवटी एक पाटी टाकू: सदर सर हयात आहेत. मी म्हटलं, टाका. त्या वेळी मी कशालाही हो म्हटलं असतं. दुसऱ्या दिवशी मुंबईहून वाहिनीचं उत्तर आलं की पाटी टाकता येणार नाही, त्यानं पाहुण्याचं हसं होईल.

घरी मी आईला स्वयंपाकघरात गाठलं, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. तिला आधी कळेचना. मग म्हणाली, "मी गेले म्हटलं ते मंडईत गेले म्हणून."

"मग मंडईत म्हणायचं."

"फोनवर परक्या माणसाला मंडईचं काय सांगायचं?"

"आवाज ओळखला नाहीस त्याचा?"

"ओळखला असता तर चार शब्द ऐकवले असते. ठेवला कशाला असता?" एवढं बोलून ती स्टुलावर बसली. पदर तोंडाला लावला. "माझ्या तोंडानं मी यांना..." म्हणाली आणि उठली. तिनं दिवा लावला, देवाला काहीतरी कबूल केलं. काय ते मी विचारलं नाही.

आता आमची दोन्हीकडून कोंडी होती. बाबांनी कार्यक्रम बघितला नाही तर ते रिक्षा बंद करणार होते. बघितला तर काय करतील याची मला कल्पनाही करवत नव्हती. यातून सुटायचा एकच रस्ता होता. त्यानं त्याआधी येऊन भेटावं, पाया पडावं, आणि मग त्या सगळ्याचा विनोद व्हावा. मी रोज मॅनेजरला फोन करायची. सर शॉट में हैं. सर हैदराबाद में हैं. सर को बता दिया है. गुरुवारी आईनं त्याच्या आवडीची वांग्याची भाजी केली, न जाणो आलाच तर. ती आम्ही दोघींनी दोन दिवस खाल्ली. जिन्यात पाऊल वाजलं की मी दाराशी जायची. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात माणसं फार होती, त्यामुळे पावलं सारखी वाजायची.

तोवर वाहिनीनं जाहिरात सुरू केली. तासातासाला तो पडद्यावर येऊन डोळ्यांवर बोटं धरायचा आणि म्हणायचा, "त्या म्हणाल्या, गेले." मी आमच्या टीव्हीची केबलची तार मागून उपसून ठेवली. बाबांना सांगितलं की केबलवाल्याकडे काहीतरी बिघाड आहे. एरवी केबलवाल्याला खरमरीत चिठ्ठी पाठवणारे बाबा यावर नुसतं "असं का" म्हणाले आणि पेपर वाचत राहिले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला, शनिवार. तो आला नव्हता. संध्याकाळी मी मनाशी ठरवलं की आता सांगून टाकायचं. बाबांच्या खुर्चीजवळ जाऊन बसले. म्हटलं, "बाबा, आज रात्री बघण्याआधी तुम्हाला एक सांगायचंय."

"तार लाव आधी," ते म्हणाले. "मी गेलोय ते मला ठाऊक आहे."

डायलिसिसच्या खोलीत पलंगांच्या वर टीव्ही होता. मी बाहेर बाकावर असायची, मला ते कधी दिसलंच नव्हतं. बाबांनी ती जाहिरात यंत्राला जोडलेल्या अवस्थेत, हात हलवता येत नसताना, पुन्हा पुन्हा बघितली होती. शेजारच्या पलंगावरच्या माणसानं हळहळून म्हटलंही होतं, बघा, किती प्रेम गुरूवर. बाबा त्याला म्हणाले होते, "हो ना. नशीबवान मास्तर." आणि घरी येऊन आम्हाला एक अक्षर सांगितलं नव्हतं. आई कोपऱ्यात उभी होती. तिच्याकडे बघून ते म्हणाले, "अगं, तू माझ्या मंडईचा कैलास केलास." आई हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. मला वाटलं, सुटलो आपण. निर्माते म्हणाले होते तसंच झालं, हसले.

रात्री आम्ही तिघं बसलो. कार्यक्रम सुरू झाला. बाबा मजेत होते. त्याचा ‘ण’ ऐकून "शाबास" म्हणाले. पडद्यावर खाली त्यांच्या नावाची पट्टी आली, तिच्यात आधी ‘कै’ लिहिलेलं होतं. बाबा पुढे वाकले आणि म्हणाले, "‘कै’च्या पुढे टिंब दिलेलं नाही." फोनचा प्रसंग आला तेव्हा आईनं मान खाली घातली आणि बाबांनी तिच्या हातावर थोपटलं. तो रडला. मग सूत्रसंचालकानं विचारलं, "मग तुम्ही घरी गेलात, काकूंना भेटायला?" हा प्रश्न मी दिलेला नव्हता, त्याला आपणहून सुचला होता. चित्रीकरणाच्या वेळी तो माझ्या कानावरून गेला असणार. तेव्हा मी फक्त तिथून बाहेर पडायची घाई करत होते.

"नाही जमलं," तो म्हणाला. "शूटिंग होतं. पण मनातल्या मनात सरांना नमस्कार केला." टाळ्या वाजल्या. बाबांचा हात आईच्या हातावर तसाच होता. जाहिराती लागल्या तेव्हा ते उठून झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात दार वाजलं. दारात बाबांचा एक जुना विद्यार्थी उभा होता, मंडईत त्याचा कांदे-बटाट्यांचा गाळा आहे. चेहरा पाडलेला, पांढरा सदरा घातलेला, मागे बायको. "काकू, रात्री टीव्हीवर कळलं," तो म्हणाला आणि खुर्चीत बसलेले बाबा दिसताच त्याचं तोंड उघडंच राहिलं. बाबा म्हणाले, "ये, बस. मी स्वतःच आहे. कसे गेले ते मलाच विचार." त्याच्या मागोमाग बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्त करणारा आला. मग दोन बहिणी आल्या, एक कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीत होती आणि अमेरिकेहून सुट्टीवर आलेली होती. मग आणखी, मग आणखी. सगळे आईला भेटायला, सांत्वनाला आलेले. दारात प्रत्येकाचा तोच चेहरा, आत आल्यावर तीच भंबेरी उडालेली, आणि प्रत्येकाला बाबांचा नवा टोमणा. खोलीत बसायला जागा उरली नाही. माणसं पलंगावर, उंबऱ्यावर, जिन्यात बसली. आई सारखा चहा टाकत होती. कुणीतरी वर्गातली जुनी कविता म्हणून दाखवली आणि बाबांनी तिथेही एक ऱ्हस्व दुरुस्त केला. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी रंग आला होता. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले, या वेळी आनंदानं. उद्या सोमवार. रिक्षा येणार, आपण जाणार, ते अजून कितीतरी वर्षं जगणार, असं मी तिथे उभी राहून पक्कं ठरवून टाकलं होतं.

संध्याकाळी शेवटची मंडळी जिना उतरून गेली. आई देवळात गेली. बाबांनी मला दार लावायला सांगितलं. दिवसभर प्रत्येक वेळी दार वाजल्यावर त्यांनी आधी दाराकडे बघितलं होतं आणि मग तोंडावर हसू आणलं होतं, हे मला तेव्हा, कडी लावताना कळलं.

"मी गेल्याचं त्याला कळलं होतं," बाबा म्हणाले. "चुकीचं कळलं असेल. पण त्याच्यापुरता तर मी गेलोच होतो ना? आणि तो भेटायला आला नाही."

मी म्हटलं, शूटिंग होतं. कामात असेल, असं त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उद्या रिक्षा नको."

मी वेड्यासारखी बोलत सुटले. आज एवढी माणसं आली, बाबा. गाळा बंद ठेवून आली. ती मुलगी परवा अमेरिकेला जाणार, तरी आली. एक तो आला नाही म्हणून या सगळ्यांचं काहीच नाही? ते म्हणाले, "आहे ना. खूप आहे. आजचा दिवस फार छान गेला." आई एकटी पडेल, म्हटलं. ते म्हणाले, तिच्याशी मी बोलेन. मग माझ्याकडे दुसरं काही उरलं नाही आणि जे मला कधीच विचारायचं नव्हतं ते मी विचारलं. वर्षानुवर्षं दिवसाआड तुम्हाला नेते, आणते. मी लग्न केलं नाही. मी कुठे गेले नाही. "मी आहे ना, बाबा," म्हटलं. "मी नाही का?"

त्यांनी माझ्याकडे नवलानं बघितलं. असलं काहीतरी मी विचारीन असं त्यांना वाटलंच नव्हतं. त्यांनी हात पुढे करून माझ्या कपाळावरचे केस मागे केले.

"तू आहेसच गं," ते म्हणाले.

सकाळी खाली रिक्षाचा हॉर्न वाजला. नेहमीचाच रिक्षावाला, त्याला येऊ नको म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. मी गॅलरीत जाऊन त्याला हातानं परत जायची खूण केली. त्याला वाटलं मी थांबायला सांगते आहे, म्हणून तो बराच वेळ तसाच थांबून राहिला.